भोजनमंत्री सोमारी हलामी

आमच्या आश्रमशाळेतलं जेवण सहा वर्षं रोज चांगलं होतं. कागदावर. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही असते. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने दोन घास चाखायचे, चव कशी आहे ते तिच्यात लिहायचं आणि खाली सही ठोकायची, असा नियम. तिचं नाव चव नोंदवही. मी रुजू झाले तेव्हा ती चाळून बघितली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच वाक्य: चव चांगली आहे. अक्षर बदललं, शाई बदलली, वाक्य जसंच्या तसं. मग मीही तेच लिहू लागले. आता लपवून काय करू, कधी कधी तर सोमवारीच बसून शनिवारपर्यंतच्या चवी लिहून टाकत होते.

मी दीपाली रामटेके. माहेर आरमोरीचं, नोकरी धानोऱ्याच्या पलीकडे, जिथं एसटी वळण घेऊन परत फिरते त्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी ती वही मागायला येईल. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणजे नक्की कोण, हे मला दोन वर्षांत नीट कळलेलं नाही. एकशे बेचाळीस मुलींची हजेरी, ताप, उवा, हरवलेल्या चपला, भांडणं आणि रविवारी भेटायला आलेल्या आयांची रडारड, हे सगळं माझ्याकडे. स्वयंपाकघरही माझ्याकडेच. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो. पोरींनी पाठीमागे मला काय नाव ठेवलंय ते मला ठाऊक आहे, आणि ते काही चुकीचं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आश्रमशाळेतली मुलं बिचारी. बिचारी वगैरे काही नसतात. साडेपाचची घंटा झाली की हौदावर अशी झुंबड उडते की बघणाऱ्याने बाजूला व्हावं. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून पोरी साबण दगडावर घासतात आणि एकमेकींच्या नावाने ओरडतात. पहिलीतल्या एकेका मुलीला नववीतली एकेक मुलगी नेमून दिलेली असते. तिने तिला अंघोळ घालायची, तेल लावायचं, वेणीला लाल रिबीन बांधायची. मग प्रार्थना, कवायत, नाश्ता, अभ्यास, दहाला जेवण, शाळा, संध्याकाळी मैदान, पुन्हा जेवण, पुन्हा हजेरी. प्रत्येकीच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी. त्या पेटीत तिचं सगळं घर: दोन फ्रॉक, आरसा, भावाचा फोटो, चिंचेचे गोळे आणि जवसाची चटणी. मी दर पंधरवड्याला पेट्या तपासते. चटणी सापडली की रागावते आणि झाकण लावून पुढे जाते. नियमाने ती जप्त करायला हवी. पण ती चटणी नसती तर निम्म्या पोरींच्या घशाखाली आमचं वरण उतरलंच नसतं, हे मला दिसत होतं. दिसत होतं, आणि मी लिहीत होते, चव चांगली आहे.

सोमारी हलामी नववीत होती. पहिलीपासून आमच्याकडेच. तिचं गाव शेवटच्या थांब्यापासून दोन तास पायी. अंगाने किरकोळ, कपाळ रुंद आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरचा माणूस चुकतोय हे तिला कळलंय, त्याला स्वतःला कधी कळेल याची ती फक्त वाट बघतेय. अशा मुलीचा शिक्षकांना राग येतो. मलाही यायचा. पाचवीत असताना सरांनी फळ्यावर गणित घातलं होतं, एक बाई दिवसाला साठ किलो मोहफुलं वेचते तर आठवड्यात किती. सोमारी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एवढी कोणीच वेचत नाई. आधी गणित दुरुस्त करा, मंग उत्तर काढू." सरांनी तिला तासभर उभं केलं. तास संपल्यावर मात्र त्यांनी फळ्यावरच्या साठाचे पंधरा केले, असं पोरी सांगतात.

तिची दुसरी खोड म्हणजे जीभ. तिची आई मोहफूल तोंडात टाकून ते किती दिवस वाळलंय ते सांगते म्हणे, आणि लेकीने तेच उचललं होतं. सोमारी सावकाश जेवायची. प्रत्येक घास जिभेवर थांबवायची. इतर पोरी ताट धुऊन पळायच्या तेव्हा ही अजून अर्ध्यावर असायची.

जुलैत शाळेचं मंत्रिमंडळ निवडतात. चिठ्ठ्या टाकून मतदान, मग शपथविधी, टाळ्या. मुख्यमंत्रिपदाला चुरस असते. क्रीडामंत्र्याला शिट्टी मिळते म्हणून त्यालाही चुरस. भोजनमंत्रिपद कुणालाच नको असतं. वाढताना रांग सांभाळायची, लहानांचे धक्के आणि मोठ्यांच्या शिव्या खायच्या आणि सगळ्यांत शेवटी जेवायचं, त्याला कोण हात वर करणार? सोमारीने केला. बिनविरोध निवडून आली. 'मी माझं काम खरेपणाने करीन' अशी शपथ बाकीच्या मंत्र्यांनी पाठ म्हणून टाकली. हिने ती मनावर घेतली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

पहिल्याच दिवशी मी वही तिच्या हातात दिली. म्हटलं, "रोज तू चाखायचं, तू लिहायचं. खाली मी सही करीन."

"काय लिहू मॅडम?"

"चव कशी लागली ते. आणखी काय?"

हे मी माझ्या तोंडाने बोलले. मागचं पान बघून तसंच लिही, एवढं म्हटलं असतं तरी पुढचं काही घडलं नसतं. पण मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे?

त्यानंतर साडेचार महिने सोमारी रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात जायची. मोठ्या गंजातून वाटीभर वरण काढून घ्यायची, भिंतीशी उभी राहून चाखायची आणि लिहायची. 'भात बरा. वरणात डाळ वेगळी, पाणी वेगळं.' 'डाळ दाताखाली येते.' 'वांग्याची भाजी चांगली. वरण शिजलं नाही.' 'वरण शिजलं नाही. पहिलीच्या आठ मुलींनी टाकलं.' खाली माझी सही. वाचायला मला वेळ नव्हता. वाचलं असतं तर ती पानं फाडायला लावली असती, म्हणजे वाचलं नाही हेच त्यातल्या त्यात बरं झालं.

जे शिजायचं नाही ते वरण ठमाबाई करायची. ठमाबाई गेडाम, आमची स्वयंपाकीण. चौदा वर्षं रोजंदारीवर. दर सहा महिन्यांनी तिच्या कामाचा नवा आदेश निघतो, तो निघाला की ती पुढचे सहा महिने आमची. लिहिता-वाचता येत नाही. नवरा नाही, एकुलती लेक वडशाला दिलेली, तीही वर्षातून एकदा येते. पोरी तिला मावशी म्हणतात. तापाने फणफणलेल्या पोरीला हीच पेज करून भरवते, आणि ती पेज जेवणाच्या कुठल्याही यादीत नसते. सोमारी सहा वर्षांची असताना आली, तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. पहिले आठ दिवस ती कुणाच्या हातचं खाईना. ठमाबाईने आपल्या मोडक्यातोडक्या गोंडीत चार शब्द बोलून तिला चुलीजवळ बसवून जेवू घातलं. तेव्हापासून सोमारीचा बसायचा दगड चुलीजवळ ठरलेला. सुट्टीहून येताना ती सगळ्यांत आधी स्वयंपाकघरात जायची, वर्गात नंतर. हे दोघींचं नातं शाळेला माहीत होतं, म्हणूनच पुढचं सगळ्यांना जास्त लागलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तपासणीला नवे साहेब आले. आजवरचे साहेब वही उघडायचे आणि सही करून मिटायचे. हे वाचायला लागले. उभ्याने सुरुवात केली, दोन पानांनंतर खुर्ची मागवली. त्यांच्या खांद्यावरून मीसुद्धा ती पहिल्यांदाच वाचत होते.

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"हो."

"शंभराच्या आसपास दिवस इथं वरण शिजलेलं नाही, आणि रोज खाली तुमची सही आहे."

साहेबांनी वाटी मागवली, वरण चाखलं, दाताखाली आलेली डाळ बोटांवर काढून बघितली. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी ठमाबाईला विचारलं, "बाई, किती वर्षं झाली इथं?" ती म्हणाली, "चवदा जी." साहेब म्हणाले, "चौदा वर्षांत डाळ शिजवता येऊ नये?" ठमाबाई चुलीतलं लाकूड पुढे सारू लागली. साहेबांनी लिहून टाकलं की स्वयंपाकिणीचं काम समाधानकारक नाही, एक जानेवारीपासून तिला नवा आदेश देऊ नये. मला कारणे दाखवा नोटीस. वीस तारखेला मी पुन्हा येतो, काही म्हणायचं असेल तर तेव्हा सांगा, म्हणाले आणि गेले.

जीप फाटकाबाहेर पडली तशी ठमाबाईने विचारलं, "त्या वहीत माया नावानं लिवलं कोनं?"

मग सोमारी पुढे आली. "मी लिहिलं, मावशी."

ठमाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "तू? माया गंजापाशी उभी राहून रोज चाखत होती तू. एक डाव तरी म्हनली का मले?"

सोमारीने पळी धरायला हात पुढे केला, ठमाबाईने पळी मागे घेतली.

"मले सोडून साह्यबाले काऊन सांगतलं वं?"

"साहेबाले नाई सांगितलं मी." सोमारीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "आमच्या घरी रांधणाऱ्याच्या तोंडावर नाव नाई ठेवत, मावशी. तिले लागते म्हणून. तुले वाचता येत नाई, म्हणून मी लिहिलं. तुले समजू नये म्हणून."

म्हणजे ही पोर साडेचार महिने शपथही पाळत होती आणि घरची रीतही. खरं तर बोलायचं, पण मावशीला दुखवायचं नाही, म्हणून तिने ते मावशीला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवलं होतं. ते कागदावर ठेवलं की साऱ्या जगाला दिसतं, फक्त मावशीलाच दिसत नाही, हे चौदा वर्षांच्या मुलीला कुठून कळणार? ठमाबाईला मात्र यातलं काही ऐकायचं नव्हतं. ती वळली आणि भांडी आपटायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती सोमारीला वाढताना तिच्याकडे बघेना. भात वाढायची, नजर पुढच्या मुलीवर. सोमारी चुलीजवळच्या दगडावर जाऊन बसली तर ठमाबाईने त्यावर लाकडाचा भारा ठेवला. सोमारी रडली नाही. ती जेवायचीच बंद होते की काय अशी मला भीती वाटली, पण ती जेवत होती, चाखत होती आणि लिहीतही होती. 'वरण शिजलं नाही.' मी वही हिसकावून घेतली.

हेडसरांनी तोडगा काढला. सोमारीने एक अर्ज लिहून द्यायचा, की मला चवीचं कळत नाही, मी गमतीने लिहिलं. दोन ओळींचं काम. ठमाबाईही राहील आणि माझी नोटीसही मिटेल. मला तो तोडगा फार आवडला, हे कबूल करते. मी कोरा कागद आणि पेन घेऊन सोमारीला ऑफिसात बोलावलं.

"खोटं नाई लिहीन, मॅडम."

"मग ठमाबाई जाईल. चालेल तुला?"

"नाई जाऊ देणार."

"तू कोण गं न जाऊ देणारी?" मी ओरडले.

"भोजनमंत्री," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. "मले ती वही रविवारी पाहिजे. तुमचं हजेरीचं रजिस्टरही द्या."

रविवारी बाकीच्या पोरी ब्लँकेटं धूत होत्या, वाळत घातलेल्या ब्लँकेटांमधून लपंडाव चालला होता, आणि ही व्हरांड्यात दोन्ही वह्या मांडून बसली होती. दुपारी माझ्याकडे आली. वरण चांगलं झालं असं तिनेच लिहिलेले एकोणीस दिवस तिने वेगळ्या कागदावर उतरवले होते. मी म्हटलं, "मग? बाकीच्या शंभर दिवसांचं काय?" तिने माझं रजिस्टर उघडलं. संध्याकाळचा अभ्यास बुडाला की मी त्यात कारण लिहिते. 'वीज नाही.' 'वीज नाही.' 'वीज नाही.' तारखा त्याच. एकोणिसातल्या सतरा दिवशी वीज नव्हती, आणि उरलेल्या दोन दिवशी बोअरची मोटार जळाली होती.

मला तरी उजेड पडेना. सोमारी म्हणाली, "लाइन नसली का मोटार चालत नाई, मॅडम. मंग आठवी-नववीच्या मुली जुन्या विहिरीचं पाणी भरतात. मीच भरते ना. त्या दिवशी डाळ शिजते. बोअरच्या पाण्यात नाई शिजत."

खुर्चीवरून मी उठलेच. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि मी ठमाबाईला मोठा शोध लागल्यासारखं हे सांगितलं. ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

"हे तुमाले आता समजलं का जी? बोअर मारला त्याच सालापासून मी बोंबलून राह्यली, का हे पानी जड हाये, यात डाळ नाई शिजत. त्या टायमाचे हेडसर म्हनले, पान्याचा रिपोर्ट आला, पानी शुद्ध हाये, तुयीच चूल बरोबर नसन. भितीले लावून देल्ला तो कागद. मंग मी बोलनं सोडलं. मायापाशी कुठी हाये कागद?"

रिपोर्ट अजून भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत. 'पाणी पिण्यास योग्य.' पिण्यास योग्य असेलच. डाळीबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं मी त्या चौकटीवरची धूळ पुसून घेत होते.

सोमारीने वही पुढे केली. "आता तुयापाशी कागद हाये ना, मावशी. हाच."

ठमाबाईने वहीकडे बघितलं, सोमारीकडे नाही. "जा, अभ्यास कर," एवढंच म्हणाली.

वीस तारखेला मी लेखी उत्तर तयार ठेवलं होतं, चार पानी. सोमारी म्हणाली, ते राहू द्या, साहेबाले खाऊ घाला. दोन चुली, दोन सारखे गंज, एकाच पोत्यातली डाळ, एकाच भाऱ्यातली लाकडं. एका गंजात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. ठमाबाईचा आदल्या दिवशीपर्यंत नकार होता. "चवदा वर्सं रांधलं, आता मी परीक्षा देऊ का?" असं म्हणत होती. मी मनधरणीला गेले नाही, मला तोंड नव्हतं. पण सकाळी सातला ती आली. लेकीने दिलेली नवी निळी साडी नेसली होती, आणि विहिरीवर सोमारी पाणी शेंदत होती तिथे जाऊन तिने भरलेली घागर उचलली.

साहेब दहाला आले. त्यांना वाटलं, अर्ज-विनंत्या होतील. आम्ही त्यांना खुर्ची देऊन चुलींसमोर बसवलं. व्हरांड्यात सगळी शाळा. पहिलीच्या पोरी खिडकीच्या गजांना लोंबकळत होत्या, आणि मी एकदाही ओरडले नाही. ठमाबाईने एकाच वाटीने दोन्हीकडे डाळ मोजून टाकली, हळद टाकली, जाळ सारखा केला. साहेबांनी घड्याळ लावलं. तासाभराने एका गंजात डाळ फुटायला लागली. दीड तासाने तिचं घोटलेलं वरण झालं होतं. दुसऱ्या गंजात पाणी पिवळं आणि डाळ आपली तळाशी, अख्खी.

साहेबांनी दोन्ही चाखलं. मग ठमाबाईला म्हणाले, "बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

ठमाबाईने भिंतीवरच्या चौकटीकडे नुसतं बोट केलं.

साहेबांनी तो रिपोर्ट वाचला, मग खिशातून पेन काढून तिथेच, चुलीजवळ उभ्यानेच लिहिलं. आधीचा शेरा रद्द, स्वयंपाकिणीचा आदेश पुढे चालू, जुन्या विहिरीवर मोटार बसवावी, तोवर स्वयंपाकाच्या पाण्याला माणूस द्यावा. हेडसरांनी टाळ्या वाजवायची खूण केली, पण पोरींनी खुणेआधीच छप्पर डोक्यावर घेतलं होतं. माझी नोटीस तेवढी कायम राहिली. ती राहायलाच हवी होती. जाताना साहेबांनी सोमारीला विचारलं, मोठेपणी काय व्हायचंय. ती म्हणाली, अजून ठरलं नाही. मला हसू आलं. कलेक्टर वगैरे सांगून साहेबांना खूष करण्याची अक्कल तिला कधी येणार नाही, आणि येऊही नये.

त्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावले. पोरींनी विहिरीच्या पाण्याचा गंज चाटूनपुसून साफ केला होता. ठमाबाई सूप घेऊन संध्याकाळचे तांदूळ निवडत बसली होती. सोमारी दारात उभी. आत यायचं की नाही ते तिला कळत नव्हतं. साहेबांचा शेरा पडला, आदेश निघाला, पण मावशी तिच्याशी बोलली नव्हती, आणि तिच्यासाठी सगळं तिथेच अडलं होतं.

"ते वही घेऊन ये," ठमाबाई मान वर न करता म्हणाली.

सोमारीने सुतळी सोडून वही आणली.

"वाच."

"कुठून?"

"पयल्यापासून. जे जे माया मांगं लिवलं ते मायासमोर वाच. समदं."

सोमारीने वाचायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग तिच्या नेहमीच्या सरळ आवाजात. ठमाबाई तांदूळ निवडता निवडता जागच्या जागी उत्तरं देत होती. 'भात खालून करपला.' "त्या दिशी मले ताप होता, हाताखालच्या बुधरीनं उतरवला गंज." 'भाजीत मीठ जास्त.' "हाव, दोनदा पडलं ते. मायी चुकी." 'पोहे ओले.' "पोहेच तसे आलते, हेडसराले विचार." 'वरण शिजलं नाही.' यावर ती नुसता खडा वेचून बाजूला टाकायची. पन्नास-साठ दिवस झाले. मला वाटलं, आता पुरे म्हणेल. ती म्हणाली नाही. सोमारीही थांबली नाही. दोघी सारख्याच हट्टी.

"अकरा सप्टेंबर," सोमारीने वाचलं. "वरण चांगलं शिजलं. मावशीनं लसणाची फोडणी दिली. घरच्यासारखं लागलं. मी तीन डाव घेतलं. माझ्या पहिलीतल्या खुशबूनंही मागून घेतलं."

सुपातला हात थांबला. त्या वहीत आम्ही मोठ्या माणसांनी हजारो वेळा 'चांगली' लिहिलं असेल. त्यातलं एकदाही तिला कुणी ऐकवलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"काय लिवलं? परत वाच."

सोमारीने परत वाचलं.

"आनखीन एक डाव," ठमाबाई म्हणाली. तिने सूप बाजूला सारलं आणि नीट मांडी घालून ऐकायला बसली.